परक्या पृष्ठाची चौकट

परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ साली झाली. हवामानावर आधारित कृषिसल्ला देणे हे तेथील एक नित्याचे कार्य होय. समजा, पाथरीच्या एखाद्या शेतकरी मंडळाने आपल्या संकेतस्थळावरील पृष्ठात चौकट बसवून तीत हा सल्ला दाखविण्याचे योजिले. सल्ला दिसतो, परंतु चौकटीची उंची अपुरी पडते. पाऊस संभवत असल्याने कपाशीवरील फवारणी लांबवावी, अशी ओळ नेमकी खाली दडून राहते. मोबाइलवर वाचणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही. आतील मजकुराची लांबी बाहेरील पृष्ठास कळली, तर चौकट तेवढी वाढविता येईल. ब्राउझर मात्र ती कळू देत नाही.

या नकाराच्या मुळाशी ‘समान मूळस्थाना’चा नियम आहे. १९९५ साली नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर तो आला. पत्त्यातील एचटीटीपी वा एचटीटीपीएस हा प्रारंभ, यजमान संगणकाचे नाव आणि पोर्ट क्रमांक ही तिन्ही जुळली, तरच एका पृष्ठाच्या आज्ञावलीस दुसऱ्याचे अंतरंग वाचता येते. नियम जाचक वाटतो खरा. पण त्याच शेतकऱ्याचे बँकखाते त्याच ब्राउझरमध्ये उघडे असेल, तर? नियम नसता, तर एखाद्या कपटी पृष्ठाने अदृश्य चौकटीत ते खाते मांडून शिल्लक वाचण्याचा प्रयत्न केला असता.

यातून वाट काढण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. पत्त्याच्या शेवटी, ‘#’ चिन्हापुढे, निरोप चिकटविण्याची युक्ती एके काळी बरीच रूढ होती. ती चाले, पण ओबडधोबड होती. परका मजकूर आपल्या सर्व्हरवर आणून तेथून दाखविणे हा दुसरा मार्ग. त्यात प्रत शिळी होण्याचा धोका आहे, आणि मालकास न विचारता तसे करणे उचितही नव्हे.

प्रशस्त मार्ग ‘पोस्टमेसेज’ हाच होय. आतील पृष्ठ स्वतः आपली उंची निरोपाने कळविते व बाहेरील पृष्ठ चौकट त्याप्रमाणे वाढविते. मात्र निरोप घेणाऱ्याने पाठविणाऱ्याचे मूळस्थान पडताळलेच पाहिजे. ही पडताळणी आळसाने गाळली जाते आणि मग कोणाचाही निरोप खरा मानला जातो.

अर्थात यासाठी आतील पृष्ठाच्या मालकाने दोन ओळींची आज्ञावली लिहावयास हवी. त्याने ‘एक्स-फ्रेम-ऑप्शन्स’ या सूचनेने चौकटीत दिसण्यासच मनाई केली असेल, तर मंडळाने सल्ल्याचा साधा दुवा द्यावा, किंवा विद्यापीठास पत्र लिहून परवानगी मागावी.