विकराला अडवणारा घेवडा

भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिले, की तो हळूहळू गोड लागू लागतो. हा गोडवा येतो कोठून? आपल्या लाळेत अमायलेज नावाचे विकर असते. ते पिष्टाच्या लांबलचक साखळ्या तोडते व त्यांतून माल्टोज ही साखर सुटी होते. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडातून आलेले अमायलेज हेच काम चालू ठेवते.

हे तुम्हांला शाळेत पडताळून पाहता येईल. भाताच्या पेजेत भरपूर पाणी घालून ती दोन परीक्षानळ्यांत घ्या. एकीत थोडी लाळ मिसळा. अर्ध्या तासाने दोन्हींत टिंक्चर आयोडीनचा एकेक थेंब टाका. लाळ नसलेल्या नळीत गडद निळा रंग येईल. दुसरीत तो येणार नाही किंवा अगदी फिकट येईल, कारण तेथील पिष्ट तुटलेले असते.

या विकराचे काम अडवणारे पदार्थ काही वनस्पतींत असतात. घेवड्याच्या बियांत असा पदार्थ असल्याचे बोमन यांनी १९४५ साली दाखवले. मार्शल व लाउडा यांनी १९७५ साली राजम्यातून तो शुद्ध स्वरूपात वेगळा केला. हा पदार्थ म्हणजे एक प्रथिन आहे. राजमा, साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा आणि भाजीचा श्रावणघेवडा ही सारी एकाच जातीची भावंडे होत.

हे प्रथिन काम कसे करते? अमायलेजच्या रेणूवर एक खाच असते. पिष्टाची साखळी तेथे बसली म्हणजे तुटते. घेवड्याचे प्रथिन स्वतःच त्या खाचेत ठाण मांडते. मग साखळीला जागाच उरत नाही!

वनस्पतीला याचा उपयोग काय? चवळीला लागणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्यांना हे प्रथिन खाऊ घातले, की त्यांची वाढ खुंटते. म्हणजे बियांचे हे एक संरक्षण आहे. मात्र घेवड्यावरच पोसणाऱ्या भुंगेऱ्याच्या अमायलेजला ते अडवू शकत नाही. त्याने या संरक्षणावर मात केली आहे.

१९८० नंतर अमेरिकेत या प्रथिनाच्या गोळ्या विकल्या जाऊ लागल्या. 'हवे तेवढे खा, पिष्ट पचणारच नाही,' असा त्यांचा दावा होता. १९८२ साली डॅलस येथील डॉक्टरांनी तो तपासला. पाच निरोगी व्यक्तींना १०० ग्रॅम पिष्टाचे जेवण दिले. ते पचले नसते, तर मलावाटे सुमारे ४०० किलोकॅलरी जास्त बाहेर पडायला हव्या होत्या. प्रत्यक्षात गोळीविना सरासरी ८० व गोळीसह ७८ किलोकॅलरी बाहेर पडल्या. गोळीने काहीच फरक पडला नव्हता! त्याच वर्षी तेथील सरकारी अन्न व औषध खात्याने ही विक्री थांबवण्यास सांगितले.

मग प्रथिन खोटे होते काय? नाही. १९८५ साली मेयो क्लिनिकमधील संशोधकांनी अधिक शुद्ध प्रथिन भरपूर प्रमाणात वापरले, तेव्हा माणसाच्या आतड्यातील अमायलेज खरोखरच अडले. बाजारातील गोळ्यांत त्याचा जोर फारच कमी होता, आणि स्वादुपिंड तर अमायलेज गरजेहून कितीतरी जास्त पाझरते.

म्हणून कोणी कच्चा राजमा खाऊन पाहू नये. त्यात उलट्या व जुलाब घडवणारे दुसरेही एक प्रथिन असते. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, चांगला उकळून शिजवला, की दोन्ही प्रथिने निकामी होतात आणि उरते ते पौष्टिक अन्न.

परीक्षानळीत जे घडते ते पोटातही घडेलच असे नाही. एखाद्या पदार्थाचा गुण ऐकलात, तर पुढचा प्रश्न जरूर विचारा: किती प्रमाणात?