वझ्झरची लेकरं आणि आपण : अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर अनाथानं जायचं कुठं?

अमरावती जिल्ह्यात परतवाड्याच्या पुढं, मेळघाटच्या पायथ्याशी वझ्झर नावाचं लहानसं गाव आहे. आजूबाजूच्या लोकांना ते सापन नदीवरच्या धरणामुळं माहीत होतं. 2024 मध्ये या गावाचं नाव देशभर गेलं, कारण इथल्या शंकरबाबा पापळकर यांना पद्मश्री जाहीर झाली. रेल्वे स्टेशनवर, बसस्टँडवर, रस्त्याच्या कडेला सोडून दिलेल्या मतिमंद, मूकबधिर, दृष्टिहीन मुलामुलींना ते कित्येक वर्षांपासून इथं सांभाळत आहेत. बालगृहाचं नाव आहे स्व. अंबादासपंत वैद्य मतिमंद, मूकबधिर, बेवारस बालगृह.

आपल्या समाजात यतीमखाने चालवण्याची परंपरा जुनी आहे. तरीही या बालगृहाकडं मुद्दाम बघावं असं आम्हाला वाटतं. त्याचं कारण पुढं सांगतो.

एलिचपूरची माती

वझ्झर ज्या तालुक्यात आहे ते अचलपूर म्हणजे जुनं एलिचपूर. 1490 मध्ये फतहुल्लाह इमाद-उल-मुल्क यांनी वऱ्हाडात इमादशाहीची स्थापना केली आणि 1574 पर्यंत ही सल्तनत टिकली. फतहुल्लाहबद्दल इतिहासकार फरिश्ता लिहितो, की ते मूळचे विजयनगरकडचे. लहानपणी लढाईत पकडून आणले गेले आणि वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी वाढले. म्हणजे आईबापापासून तुटलेलं एक पोरगं पुढं या मुलखाचं सुलतान झालं. शाळेत इमादशाही शिकवताना आम्ही ही गोष्ट पोरांना आवर्जून सांगतो.

याच जिल्ह्यातल्या शेंडगावात 1876 मध्ये गाडगेबाबा जन्मले. शंकरबाबा स्वतःला गाडगेबाबांचे अनुयायी मानतात. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं, तेही याच मातीत. ज्याला कोणी हात लावत नाही त्याला आधी जवळ घ्यायचं, ही वऱ्हाडची रीतच म्हणा ना.

वझ्झरमध्ये वेगळं काय आहे?

शंकरबाबा आधी ‘देवकीनंदन गोपाला’ नावाचं मासिक चालवायचे. पुढं सगळं सोडून ते या मुलांचे झाले. आज त्यांच्या घरात सव्वाशेच्या आसपास लेकरं आहेत. ‘लेकरं’ म्हणायचं, पण त्यातली बरीच आता वयानं मोठी झाली आहेत. मुलांच्या कागदपत्रांवर बापाच्या जागी शंकरबाबांचं नाव लागतं आणि आडनाव पापळकर. ओसाड टेकडीवर या मुलांनी हजारो झाडं जगवली. कितीतरी मुलामुलींची लग्नं लागली. डिसेंबर 2020 मध्ये नागपुरात अशाच एका मूकबधिर मुलीचं कन्यादान तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी केलं होतं.

जळगाव रेल्वे स्टेशनवर सापडलेली दृष्टिहीन माला पापळकर याच घरातली. ब्रेल शिकली, पदवी घेतली आणि 2024 मध्ये लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक पदाची परीक्षा पास झाली.

पण प्रत्येक मूल माला होऊ शकत नाही. ज्याला स्वतःच्या हातानं जेवता येत नाही, स्वतःचं नाव सांगता येत नाही, त्याचं काय? खरा प्रश्न इथून सुरू होतो.

कायदा कुठं थांबतो?

बाल न्याय कायदा 2015 नुसार अठरा वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक. अठरा पूर्ण झाली की बालगृह सोडावं लागतं. ‘अनुरक्षण’ म्हणून 21 वर्षांपर्यंत मदत मिळू शकते, अपवाद म्हणून आणखी दोन वर्षं. धडधाकट पोरगं तेवढ्यात काहीतरी काम शिकेल, पोट भरेल. मतिमंद मुलगी एकविसाव्या वर्षी कुठं जाईल? आयुष्यभर तिला माणूस लागणार आहे. म्हणून शंकरबाबांची सरकारकडं वर्षानुवर्षं एकच मागणी आहे : बेवारस दिव्यांग मुलांना अठरानंतर बाहेर काढू नका, त्यांच्या आजीवन पुनर्वसनाचा कायदा करा. यालाच ‘वझ्झर मॉडेल’ म्हणतात.

दीन काय सांगतो?

फिकहमध्ये यतीम म्हणजे ज्याचा बाप वारला आहे आणि जो अजून बालिग झालेला नाही असा. मग बालिग झाला की जबाबदारी संपली का? सूरह निसाची आयत 5 आणि 6 एकत्र वाचाव्यात. यतीमाचा माल त्याच्या हवाली करण्यासाठी नुसतं वय पुरेसं नाही, त्याच्यात समज आलेली दिसली पाहिजे, असं तिथं सांगितलं आहे. आणि ज्यांना समज नाही, त्यांना खाऊ घाला, कपडे द्या, त्यांच्याशी चांगलं बोला, असा हुकूम आहे. त्यात वयाची मर्यादा घातलेली नाही.

सापडलेल्या बेवारस मुलाला फिकहमध्ये ‘लकीत’ म्हणतात. त्याच्या जिवाला धोका असेल तर त्याला उचलणं वाजिब. हजरत उमर (रजि.) यांच्याकडं असं एक मूल आणलं गेलं, तेव्हा त्यांनी ते आझाद ठरवलं आणि त्याचा खर्च बैतुलमालवर टाकला. सूरह अबसचा संदर्भ तर दृष्टिहीन सहाबी हजरत इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांचाच आहे. ते पुढं मस्जिदे नबवीत अजान देत आणि प्रेषित (सल्ल.) सफरवर असताना मदिनेत त्यांच्या जागी राहत.

नावाबद्दल बरेच जण विचारतात. सूरह अहजाब, आयत 5 नुसार मुलाला त्याच्या खऱ्या बापाच्या नावानं हाक मारायची. बाप माहीतच नसेल तर ते तुमचं दीनी भावंड आहे. म्हणून आपल्याकडं नसब बदलून दत्तक घेत नाहीत, कफालत करतात. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातही ‘कफाला’चा उल्लेख आहे. भारतात 2014 च्या शबनम हाश्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की बाल न्याय कायद्याखाली मुसलमानही दत्तक घेऊ शकतात, मात्र सक्ती नाही. ज्यांना कफालत करायची आहे त्यांना 1890 च्या पालक व पाल्य कायद्याची वाट मोकळी आहे.

आपल्या हातात काय आहे?

बेवारस मूल दिसलं तर 1098 किंवा 112 वर फोन करा. 24 तासांत कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. दया आली म्हणून परस्पर घरी ठेवू नका, कुणाला देऊन टाकू नका. न कळवणं गुन्हा आहे.

एखादं कुटुंब खरोखरच मूल सांभाळू शकत नसेल, तर रस्त्यावर सोडण्याची गरज नाही. बालकल्याण समितीसमोर मूल कायदेशीर सुपूर्द करता येतं आणि आईबापांना फेरविचारासाठी 60 दिवस मिळतात. हे गावोगावी, जमातीच्या बैठकीत सांगायला पाहिजे.

घरात मतिमंद किंवा स्वमग्न मूल असेल तर लपवू नका. युडीआयडी कार्ड काढा. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार अशा मुलाला अठरानंतरही कायदेशीर पालक नेमता येतो; त्यासाठीच्या स्थानिक समितीचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात. ‘निरामय’ योजनेत 1 लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. बाप नसलेलं मूल आई किंवा नातेवाइकांकडं वाढत असेल तर बालसंगोपन योजनेची चौकशी करा.

आणि आपल्या संस्थांनी एक विचार करावा. आपल्या बहुतेक यतीमखान्यांत धडधाकट, शिकू शकणारी मुलं घेतली जातात. रमजानात अमरावती-अकोल्यात जकात-सदक्याची मोठी रक्कम गोळा होते. जकातीचे मसरफ ठरलेले आहेत, ते उलमांना विचारावं; नफ्ल सदका तर धर्म न बघता कुणाही गरजूला देता येतो. त्यातून प्रत्येक जिल्ह्यात दिव्यांग अनाथांसाठी पाच-दहा खाटा आणि पगारी सेवक एवढी सोय, रीतसर नोंदणी करून, उभी करता येईल. ही मुलं अठराची झाली तरी त्यांना बाहेर काढणार नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी ठरवायला हवं.