विश्लेषण : सर्पदंशानंतर काचेच्या नळीतली २० मिनिटे का महत्त्वाची?

पावसाळ्यात सोयाबीनच्या शेतात राबणाऱ्या वाशिम जिल्ह्यातील शेतकरी-मजुरांना सर्पदंशाचा धोका असतो. दवाखान्यात पोहोचलेल्या रुग्णाचा धोका ओळखण्यासाठी एक साधी चाचणी मोलाची ठरते.

चाचणी कशी होते?
शिरेतून काढलेले सुमारे २ मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात. मग नळी तिरपी करतात. रक्त पातळच राहिले, तर घोणस किंवा फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडवल्याचे समजते. प्रयोगशाळा लागत नसल्याने ग्रामीण रुग्णालयातही ही चाचणी करता येते. मात्र, नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असल्यास निकाल फसवा येतो.

पुढे काय?
रक्त गोठत नसल्यास सर्पविषावरील लस तातडीने देतात. उशीर झाल्यास शरीरात रक्तस्राव होऊ शकतो. घोणसच्या दंशात मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. लस दिल्यानंतर ६ तासांनी पुन्हा चाचणी करून आणखी मात्रा हवी का, हे ठरवतात.

रक्त गोठले म्हणजे धोका टळला?
नाही. विषाचा परिणाम उशिराही दिसतो, म्हणून चाचणी वारंवार करतात. शिवाय नाग व मण्यार यांचे विष मुख्यतः नसांवर परिणाम करते. त्यात रक्त नेहमीसारखे गोठते. पापण्या जड होणे, गिळता न येणे, श्वास लागणे ही त्याची लक्षणे. त्यामुळे पहिली चाचणी चांगली आली, तरी रुग्णाला किमान २४ तास घरी नेऊ नये.