लिलावात हात थांबत का नाही?



लहानपणी 'चिमणी उड, कावळा उड' खेळलाच असाल. चिमणी म्हटलं की बोट वर, कावळा म्हटलं की बोट वर, आणि मग मध्येच कोणीतरी ओरडतं, 'म्हैस उड!' ज्याचं बोट उचललं गेलं तो बाद. आता म्हैस उडत नाही हे त्याला माहीत नसतं का? असतं. पण बोट आधीच निघालेलं असतं.

मेंदूचे अभ्यासक प्रयोगशाळेत जवळपास हाच खेळ खेळतात. स्क्रीनवर एक खूण आली तर बटण दाबायचं, दुसरी आली तर हात आवरायचा. नेदरलँड्सच्या फ्रान्सिस्कस डोंडर्स यांनी 1868 मध्येच अशी चाचणी वापरली होती: ठरलेला एक आवाज ऐकला तरच उत्तर द्या, बाकी आवाजांना गप्प राहा. या हात आवरण्याला आपण सरळ 'ब्रेक' म्हणू.

आता या खेळातून नंदुरबारच्या मिरची बाजारात या. समजा, तुम्हाला मिरची पावडरचा छोटा उद्योग सुरू करायचा आहे. घरून हिशोब करून निघालात: ओली लाल मिरची 4000 रुपये क्विंटलच्या वर घ्यायची नाही. लिलाव सुरू होतो. समोरचा जुना व्यापारी हसून म्हणतो, "राहू द्या भाऊ, तुम्हाला नाही झेपायचं." 4200, 4400, 4600... आणि तुमच्याच तोंडातून 4700 निघतात. माल तुमचा झाला!

दहा क्विंटल घेतली तर 7000 रुपये जास्त गेले. तेवढ्यावर भागत नाही. पथारीवर सुकून चार किलोची एक किलो झाली असं धरलं, तर हातात अडीच क्विंटल सुकी मिरची येते, म्हणजे सुक्या किलोमागे 28 रुपयांचा बोजा. देठ आणि दळणातली घट वेगळीच. 200 ग्रॅमच्या पाकिटावर साडेपाच रुपयांहून जास्त! नव्या माणसाचा सगळा नफाच कधीकधी तेवढा असतो.

इथे तुमचं गणित चुकलं नाही, ब्रेक चुकला. लोगन आणि कोवन या संशोधकांनी 1984 मध्ये हे शर्यतीच्या रूपात मांडलं. 'कर' आणि 'थांब' असे दोन संदेश धावतात, जो आधी पोचेल तो जिंकतो. कपाळामागे उजव्या बाजूला, पुढच्या भागाच्या खालच्या पट्ट्यात, 'थांब'चं मोठं काम चालतं. तिथे इजा झालेल्या रुग्णांना थांबायला जास्त वेळ लागतो, असं 2003 मध्ये दिसलं. निरोगी तरुण माणसाला साधारण पाव सेकंद लागतो.

भावना आली की हा वेळ वाढतो. 2007 मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी चाचणीच्या मध्ये भावना चाळवणारी चित्रं दाखवली, तर लोकांचं थांबणं मंदावलं. गंमत म्हणजे भीतीदायक चित्रांनी मंदावलं तसंच आनंदाच्या चित्रांनीही. म्हणून 'मला राग येत नाही' एवढ्यावर खूश होऊ नका. सकाळी मोठी ऑर्डर मिळाली, त्याच आनंदात दुपारी बाजारात गेलात, तरी धोका आहेच. 2012 च्या एका अभ्यासात मात्र सौम्य भावनेने थांबणं सुधारलं आणि तीव्र भावनेने बिघडलं. थोडी धाकधूक बरी, असं मी त्यावरून म्हणतो.

स्वभावाचंही आहे. 2001 मध्ये अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी उतावळेपणाचे चार प्रकार वेगळे केले. त्यातला एक म्हणजे मन दुखावलं की लगेच काहीतरी करून मोकळं व्हायचं. पुढे त्याला जोड मिळाली: आनंदाच्या भरात तसंच करणारे. चिंताळू माणसाचं वेगळंच. चूक झाल्याबरोबर त्याच्या मेंदूत उठणारी विद्युत लहर इतरांपेक्षा मोठी असते. माझा अंदाज, असा माणूस एकदा महागात माल घेतला की पुढचा चांगला लॉटही भीतीने सोडून देतो. नुकसान दोन्हीकडून.

एक सांगून ठेवतो. हे सगळे प्रयोग बटण दाबण्याचे आहेत, मिरचीच्या बोलीचे नाहीत. दोन बोलींच्या मध्ये तुम्हाला पाव सेकंदापेक्षा बराच जास्त वेळ मिळतो. म्हणूनच ब्रेक डोक्याबाहेर ठेवता येतो. हमाली, वाहतूक, सुकवणी धरून शेवटचा भाव कागदावर लिहा आणि कागद सोबतच्या माणसाकडे द्या. आकडा ओलांडला की त्याने तुमचा हात धरायचा, वाद घालायचा नाही. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटांनी भाव करायची जुनी पद्धत आहे ना? भाव गुप्त राहावा म्हणून ती असेल, पण चारचौघांत मान राखायला आकडा चढवण्याची वेळही तिथे येत नाही.

पहिल्या दिवशी तर बोलीच लावू नका. वहीत प्रत्येक लॉटसमोर तुम्ही मनात ठरवलेला भाव आणि प्रत्यक्षात सुटलेला भाव लिहा. दुसऱ्या दिवसापासून तिसरा रकाना वाढवा: त्या क्षणी मन कसं होतं, एका शब्दात. राग, खूश, भीती, काहीही. दहा लिलाव झाले की आकडा ओलांडलेल्या ओळींवर लाल पेनाने खूण करा आणि त्यांच्यासमोर कोणता शब्द जास्त वेळा आलाय ते मला कमेंटमध्ये कळवा.