दारू सोडली, मग हात का थरथरतात?

‘आजपासून थेंबही नाही!’ रोज पिणाऱ्या काकांनी किंवा मामांनी असं एकदाचं ठरवलं की घरात सगळ्यांना हायसं वाटतं. पण दुसऱ्या दिवशी चहाचा कप धरताना त्यांचे हात थरथरतात. घाम फुटतो, मळमळतं, छाती धडधडते. मग कुणीतरी म्हणतंच, ‘नाटकं आहेत, पिण्याचा बहाणा!’ तुम्हालाही असंच वाटत असेल, तर जरा थांबा. हे कापरं खरं असतं आणि ते मेंदूतून येतं.

आपल्या मेंदूत ‘गाबा’ नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं, तर ‘ग्लुटामेट’ अ‍ॅक्सिलरेटरचं. दारू ब्रेक दाबते आणि अ‍ॅक्सिलरेटर सैल करते, म्हणून प्यायलेला माणूस सुस्तावतो. वर्षानुवर्षं रोज हेच झालं की मेंदू तोल साधण्यासाठी उलटी तयारी करतो. ब्रेक ढिले आणि अ‍ॅक्सिलरेटर कायम दाबलेला! दारू अचानक बंद झाली तरी मेंदूची ही तयारी लगेच उतरत नाही. गाडी सुसाट सुटते. थरथर, घाम, धडधड, उडालेली झोप, सगळं त्यातूनच. आपल्याकडे ‘मोहाची घरची असते, तिचा त्रास नाही’ असं म्हणतात. पण मोहफुलाची काय, देशी काय नि इंग्लिश काय, अल्कोहोल तेच.

आता घड्याळ बघा. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा-आठ तासांत हात कापू लागतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या दिवसाच्या आसपास काहींना भिंतीवर किडे दिसतात, नसलेल्या माणसांशी ते बोलतात. गावात लगेच ‘बाहेरचं लागलं’ म्हणून मांत्रिकाकडे धाव घेतली जाते. डॉक्टर याला ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर यात जीव जाऊ शकतो. सगळ्यांनाच इतका त्रास होत नाही, पण आधी फिट आलेल्यांना धोका जास्त.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये दुकानं एकदम बंद झाली, तेव्हा हे देशभर दिसलं. केरळ सरकारने तर ३० मार्चला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला. डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला, उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. कारण यावर दवाखान्यात उपचार आहेत. मेंदूला शांत करणारी औषधं काही दिवस देऊन हळूहळू कमी करतात, सोबत जीवनसत्त्व बी-१. ही औषधं मेडिकलमधून स्वतःच आणून देऊ नका.

मग तुम्ही काय करायचं? रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून सोडवू नका, सोडण्याआधीच डॉक्टरांना भेटवा. तालुक्याला ग्रामीण रुग्णालय आहे, गोंदियात शासकीय मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे. रोज किती घेतात, हे लाज न बाळगता सांगा. फिट आली किंवा असंबद्ध बडबड सुरू झाली तर थेट १०८. नुसतं बोलायचं असेल तर व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि टेलिमानस १४४१६.

आणि कुणाचे हात कापताना दिसले, तर हसण्याआधी एवढंच विचारा, ‘शेवटची कधी घेतली होती?’ डॉक्टरही पहिल्यांदा हेच विचारतील.