रमाईच्या श्रमांचा हिशेब

दरवर्षी ७ फेब्रुवारीला नागपूरच्या वस्त्यावस्त्यांत, बुद्धविहारांत रमाई जयंती साजरी होते. भाषणांतून रमाबाई आंबेडकरांचे स्मरण होते ते बहुधा त्यागाची मूर्ती म्हणून: नवऱ्यासाठी झिजलेली पत्नी, पोटची मुले गमावलेली आई. यात खोटे काहीच नाही. पण त्याग म्हटला की आपण हात जोडतो आणि पुढचे काही विचारत नाही. रमाबाईंनी नेमके काय केले आणि त्यावर काय उभे राहिले, हे विचारले पाहिजे. त्यांनी केलेले श्रम हे एका चळवळीचे भांडवल होते आणि त्यांचे स्मरणही त्याच नात्याने व्हायला हवे, असे माझे म्हणणे आहे.

रमाबाईंचा जन्म १८९८चा, दापोलीजवळच्या वणंद गावचा. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. १९०६मध्ये भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर, भीमराव आंबेडकरांशी त्यांचे लग्न लागले. १९१३च्या प्रारंभी सासरे रामजी सुभेदार वारले आणि त्याच वर्षी भीमराव, म्हणजे पुढचे बाबासाहेब, बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७मध्ये ते परतले आणि १९२०मध्ये राहिलेले शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले, ते १९२३पर्यंत. या वर्षांत मुंबईतल्या चाळीतला संसार रमाबाईंनी ओढला. पाच मुलांपैकी चार दगावली. १९२६मध्ये राजरत्न गेला आणि यशवंत तेवढा राहिला. बाबासाहेबांच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना बडोद्याची शिष्यवृत्ती, शाहू महाराजांचे साहाय्य, मित्र नवल भथेना यांची मदत आवर्जून नोंदवली जाते. त्याच शिक्षणासाठी घराने जे सोसले आणि कमावले, ते मात्र मदतीच्या रकान्यात कधी येत नाही.

हा हिशेब मी आज नव्याने मांडतो आहे असे नाही. १९२८मध्ये बाबासाहेबांचे ‘बहिष्कृत भारत’ हे पत्र पैशांअभावी अडचणीत आले, तेव्हा वाचकांपुढे पत्राची बाजू मांडताना त्यांनी पत्नीचाही उल्लेख केला. आपण परदेशी असताना प्रपंचाचा भार तिने एकटीने वाहिला, हलाखीत शेणाच्या पाट्या डोक्यावरून आणायलाही ती कचरली नाही, आणि तिला दिवसातला अर्धा तासही आपण देऊ शकत नाही, असा त्याचा आशय आहे. हा मजकूर एका वृत्तपत्राच्या जमाखर्चाच्या चर्चेत आला आहे, हे महत्त्वाचे. २७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या. पुढे १९४०मध्ये ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीला अर्पण केला.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. सोसणाऱ्या पत्नीचा गौरव केला की आजच्या मुलींपुढेही सोसण्याचाच आदर्श उभा राहतो. नागपूरला तर हा आक्षेप नीट कळायला हवा. २० जुलै १९४२ रोजी याच शहरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांना रजा आणि निवृत्तिवेतन, अशा मागण्यांचे ठराव तिथे झाले. पत्नीने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची व्हावे, दासी होऊ नये, असे बाबासाहेबांनी तिथे स्पष्ट सांगितले. मला यात रमाबाईंच्या स्मरणाशी विरोध दिसत नाही. श्रमांना रजा आणि मोबदला मागण्यासाठी आधी ते श्रम आहेत हे मान्य करावे लागते. त्यागाला कोणी रजा देत नाही.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा आहे. रमाईला आई मानणाऱ्या कष्टकरी बाईला त्या प्रतिमेतून बळ मिळते. हिशेबाची भाषा त्या मायेला कोरडी करील, अशी भीती वाटते. पण त्या बाईला बळ मिळते ते रमाईच्या पाटीत तिला स्वतःची पाटी दिसते म्हणून. ते श्रम नाव घेऊन सांगितले तर माया कमी होण्याचे कारण नाही. म्हणून जयंतीच्या व्यासपीठावरून रमाबाईंच्या दुःखाइतकेच त्यांच्या कामाबद्दल बोलले जावे, आणि ज्यांच्या घरकामावर आज मुलांची शिक्षणे व नवऱ्यांचे सामाजिक कार्य चालते त्या बायकांच्या वेळेचा, आरोग्याचा, घरातल्या वाट्याचा प्रश्नही तिथेच मांडला जावा. बाबासाहेबांनी हे ऋण छापून कबूल केले होते. त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्या पुरुषांनी ते आपापल्या घरात कबूल करावे.