कोर्नेल लान्त्सोश : आइन्स्टाइनचा सहकारी, संगणकीय गणिताचा शिल्पकार

कोर्नेल लान्त्सोश यांचा जन्म २ फेब्रुवारी १८९३ रोजी हंगेरीतील सेकेशफेहेरवार येथे एका ज्यू कुटुंबात झाला. १९२१ मध्ये त्यांनी सापेक्षतावादाशी निगडित विषयावर डॉक्टरेट मिळवली आणि प्रबंधाची प्रत थेट आइन्स्टाइन यांना पाठवली. १९२४ मध्ये त्यांनी आइन्स्टाइनच्या क्षेत्रसमीकरणांची फिरत्या धूलिकणांसाठी अचूक उकल शोधली. १९२८-२९ मध्ये बर्लिनमध्ये ते आइन्स्टाइन यांचे सहायक होते.

१९३१ मध्ये ते अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात गेले. तिथे क्ष-किरणांच्या विकिरणाचा अभ्यास करताना १९४२ मध्ये त्यांनी डॅनियलसन यांच्यासह फूरिए विश्लेषण, म्हणजे गुंतागुंतीच्या लहरीची साध्या लहरींत फोड, झपाट्याने करण्याची रीत मांडली. मोठे गणित निम्म्या-निम्म्या आकाराच्या गणितांत विभागायचे, हे तिचे सूत्र. या रीतीने ६४ सहगुणक हाताने काढायला सुमारे १४० मिनिटे पुरत. हीच कल्पना १९६५ मध्ये कूली आणि टुकी यांनी संगणकासाठी नव्याने मांडली. आजचे ध्वनी व प्रतिमांचे संस्करण तिच्यावरच उभे आहे.

१९५० मध्ये त्यांनी प्रचंड मोठ्या सारणींची (मॅट्रिक्सची) आयगेनमूल्ये, म्हणजे त्यांच्या वैशिष्ट्यदर्शक संख्या, काढणारी, आजही वापरात असलेली ‘लान्त्सोश पद्धत’ प्रसिद्ध केली. मॅकार्थी काळातील कम्युनिस्टविरोधी संशयाच्या वातावरणात त्यांनी अमेरिका सोडली आणि १९५४ मध्ये ते डब्लिनच्या प्रगत अध्ययन संस्थेत रुजू झाले. यामिकीतील चलन-तत्त्वांवरचा त्यांचा १९४९ चा ग्रंथ आजही आवर्जून वाचला जातो. २५ जून १९७४ रोजी बुडापेस्टच्या भेटीत त्यांचे निधन झाले.